‘श्राइव्ह’ : एका क्रियापदाची वाटचाल

‘श्राइव्ह’ हे इंग्रजीतील एक जुने क्रियापद. पापनिवेदन ऐकून प्रायश्चित्त नेमून देणे व पापमुक्त करणे, हा त्याचा अर्थ. त्याचे मूळ मात्र लॅटिनमधील ‘स्क्रीबेरे’, म्हणजे लिहिणे, या क्रियापदात आहे. जर्मन भाषेत त्याचेच ‘श्रायबेन’ झाले व ते लेखणीपाशीच राहिले. इंग्रजांनी लिहिण्यासाठी आपला ‘राइट’ राखला आणि हा पाहुणा पापनिवेदनाकडे वळविला.

लेखणीचा प्रायश्चित्ताशी संबंध काय? वैद्य औषध लिहून देतो, तसा. कोणत्या पापास किती उपवास, हे सांगणारे ग्रंथ त्या काळी असत. कँटरबरीचे आर्चबिशप थिओडोर (६६८–६९०) यांच्या नावावर असा एक ग्रंथ आहे.

आपला ‘कुमसार’ पोर्तुगीज ‘कॉन्फेसार’वरून आला. त्यात कर्ता पापी आहे. ‘श्राइव्ह’मध्ये कर्ता धर्मगुरू. जुन्या इंग्रजीत ‘श्रिफ्ट’ म्हणजे प्रायश्चित्त, आणि ते देणारा धर्मगुरूही! त्याच्या धर्मग्रामाचे एक नावही त्यावरूनच पडले. आम्हां धर्मगुरूंना अंतर्मुख करणारी ही गोष्ट आहे.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमध्ये पापनिवेदनाची प्रथा ओसरली, तसे हे क्रियापदही मागे पडले. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवसाच्या ‘श्रोव्ह ट्यूजडे’ या नावात ते उरले आहे. पण तेथे आता पॅनकेकचीच आठवण अधिक. दुसरा अवशेष ‘शॉर्ट श्रिफ्ट’. वधस्तंभाकडे नेताना कैद्याला पापनिवेदनासाठी दिलेली अपुरी घटका, हा त्याचा मूळ अर्थ. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ नाटकात तो त्याच अर्थाने येतो. आज एखाद्याची विनंती धड न ऐकता त्याची बोळवण केली, की इंग्रज तोच शब्दप्रयोग वापरतात.