पॉइंट टू-टूची गोळी : एका स्वस्त काडतुसाचा इतिहास

एप्रिल १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेचा, म्हणजेच एन.सी.सी.चा कायदा झाला, तेव्हा नांदेड व लातूरची मुले त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होती. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि रझाकारांविरुद्धचा लढा ऐन भरात होता. लढ्याला पैसा हवा होता. त्यासाठी त्याच वर्षी जानेवारीत नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटण्यात आली होती. बंदूक मिळाली तरी काडतुसाला पैसे पडतात, हे या भागाने पुस्तकात वाचून शिकलेले नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. पुढे छात्रसेनाही आली. आज नांदेडला ५२ आणि लातूरला ५३ महाराष्ट्र बटालियन आहे. चांदमारीच्या दिवशी पोटावर आडवे होऊन पंचवीस मीटरवरच्या कागदावर नेम धरणारा छात्र बहुधा पॉइंट टू-टूची रायफल हाताळत असतो. सैनिकाच्या रायफलीपुढे तिची गोळी अगदीच चिमुकली. मग शिकवण्यासाठी हीच का निवडली? उत्तर इतिहासात आहे आणि थोडेसे पदार्थविज्ञानातही.

१८४५ च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेर नावाच्या कारागिराने घरातल्या नेमबाजीसाठी इवलेसे काडतूस बनवले. १८५७ मध्ये, म्हणजे आपल्याकडे एन्फील्डच्या चरबीच्या काडतुसांवरून वणवा पेटला त्याच वर्षी, अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी पॉइंट टू-टूचे पहिले काडतूस बाजारात आणले. आज सर्वत्र वापरले जाणारे लांब काडतूस १८८७ चे.

याच सुमारास ब्रिटिश सैन्यापुढे वेगळीच अडचण होती. सरावाला मोठी गोळी वापरावी, तर खर्च फार आणि मैदानही शेकडो मीटर लांबीचे लागे. यावर मॉरिस नावाच्या संशोधकाने तोड काढली. सैनिकाच्या रायफलीच्या नळीत दुसरी बारीक नळी बसवायची आणि तिच्यातून लहान काडतूस उडवायचे. रायफल तीच, वजन तेच, नेम धरण्याची रीत तीच, खर्च मात्र थोडा.

पुढे बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या अचूक नेमबाजीने ब्रिटिशांचे डोळे उघडले. १९०१ मध्ये इंग्लंडात लहान रायफलींच्या क्लबांची संस्था स्थापन झाली. सामान्य कामकऱ्यालाही परवडेल अशा खर्चात नेमबाजी शिकवावी, हा तिचा हेतू होता. कानपूरला जन्मलेल्या आणि हिंदुस्थानात सरसेनापती राहिलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी तिला पाठिंबा दिला. पुढे ली-एन्फील्ड रायफलीही पॉइंट टू-टूसाठी बदलून घेतल्या गेल्या आणि प्रशिक्षणाची ही पद्धत आपल्याकडेही रुजली.

आता ही गोळी स्वस्त का, ते पाहू. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध स्फोटक टोपी वेगळी बसवावी लागते. पॉइंट टू-टूत तशी टोपीच नाही. पितळी पुंगळीच्या बुडाला पोकळ काठ असतो आणि स्फोटक मिश्रण त्या काठातच पसरलेले असते. कड चेपली की ठिणगी पडते. कड चेपली जावी म्हणून पत्रा पातळ लागतो आणि पातळ पत्र्याला जास्त दाब सोसत नाही. म्हणून दारू थोडी आणि वेगही कमी. वेग कमी असल्यामुळे साधी शिशाची गोळी चालते, तिच्यावर तांब्याचे आवरण चढवावे लागत नाही. म्हणजे या काडतुसाचा स्वस्तपणा आणि दुबळेपणा एकाच रचनेतून आले आहेत.

हा दुबळेपणा शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. पॉइंट टू-टूची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. जुन्या थ्री-नॉट-थ्रीची गोळी सुमारे ११.३ ग्रॅमची, वेग सुमारे ७४४ मीटर. गतिज ऊर्जा काढा. पहिलीची सुमारे १४० ज्यूल येते, दुसरीची ३१०० हून अधिक. रायफल चार किलोची मानून केवळ गोळीचा संवेग धरला, तर पहिली खांद्याकडे सेकंदाला सुमारे ०.२ मीटर वेगाने येते, दुसरी सुमारे २.१ मीटरने. नवखा छात्र या धक्क्याच्या आणि आवाजाच्या धास्तीने डोळे मिटतो व चाप हिसकतो. ही खोड एकदा लागली की सहज सुटत नाही. लहान गोळी त्याला धास्तावत नाही, म्हणून श्वास रोखणे, माशी नीट जुळवणे आणि चाप हळूहळू दाबणे यांकडे त्याचे लक्ष राहते.

दुसरा प्रश्न संख्येचा. १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एन.सी.सी. सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. एवढ्या मुलांच्या हाती गोळी द्यायची, तर ती स्वस्तच हवी. तरीही ती मोजूनच मिळते आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात. म्हणूनच गोळीविना कोरडा सराव आधी पुष्कळ करून घेतात.

या गोळीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. लांबचे अंतर, वाऱ्याचा परिणाम आणि मोठ्या रायफलीचा धक्का ती शिकवत नाही. सैनिकाला पुढे मोठ्या रायफलीकडे जावेच लागते. आणि लहान म्हणून ती निरुपद्रवीही नव्हे. ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि जीव घेऊ शकते. चांदमारीच्या मागे मातीचा उंच बांध असतो, तो याचसाठी.

शिक्षकांना या विषयातून वर्गासाठी दोन चांगली उदाहरणे मिळतील. पंचवीस मीटर जायला गोळीला किती वेळ लागतो आणि तेवढ्यात ती किती खाली येते? (हवेचा अडथळा सोडून दिला, तर उत्तर तीन सेंटिमीटरच्या आत येते.) माशी आणि मागची खाच यांत ६० सेंटिमीटर अंतर असेल आणि जुळणीत एक मिलिमीटर चूक झाली, तर पंचवीस मीटरवर गोळी किती सरकेल? समरूप त्रिकोणांनी उत्तर काढले, की चार सेंटिमीटरहून जास्त येते. बंदुकीला हातही न लावता नेमबाजीतले मर्म मुलांच्या ध्यानात येईल.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याच्या रायफलीतले काडतूसही पॉइंट टू-टूचेच होते. नांदेड-लातूरच्या छात्राला मोजून मिळणाऱ्या पाच-दहा गोळ्या त्याच जातीच्या आहेत, हे त्याला चांदमारीच्या आदल्या दिवशी वर्गात जरूर सांगावे.