वजीर देऊन जिंकलेला डाव

शनिवारी दुपारी जेवून लोळत होतो. आठवडाभराचे बग्ज डोक्यातून जात नव्हते, म्हणून पट काढला आणि एक जुना डाव दोन्ही बाजूंनी एकट्यानेच मांडत बसलो. हेस्टिंग्ज, इंग्लंड, १९३०-३१. पांढरी मोहरी मीर सुलतान खान, काळी कापाब्लांका.

कापाब्लांका म्हणजे १९२१ ते १९२७ चा जगज्जेता. हरणं त्याला फारसं ठाऊकच नव्हतं. आणि सुलतान खान? पंजाबातला, सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला. लहानपणी शिकला ते देशी बुद्धिबळ. त्यात प्याद्याला सुरुवातीला दोन घरं नाहीत, आपलं नेहमीचं कॅसलिंगही नाही. म्हणजे बिचाऱ्याला ओपनिंग्ज मोठेपणी नव्याने शिकावी लागली. तरी १९२९ मध्ये लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला!

आता डाव. कापाब्लांकाने दोन्ही हत्ती सी पट्टीत आणले. २१ व्या चालीला एक हत्ती थेट सी-१ वर, शह. पुढच्याच चालीला दुसरा सी-२ वर, पुन्हा शह. मारामारी संपली तेव्हा काळ्याने दोन हत्ती देऊन वजीर मिळवला होता, आणि पांढरा राजा उघड्यावर. मी असतो तर काळ्या बाजूला बसून खूश झालो असतो.

पण नीट बघा. मधली प्यादी अडकलेली, डाव बंद. वजीर मोकळ्या मैदानात वाघ, इथे त्याला शिकारच नाही. सुलतान खानने घाई केली नाही. दारं लावत, हत्ती हलवत त्याने ६५ चालींत डाव जिंकला. त्या स्पर्धेत कापाब्लांका हरला तो हा एकच. यूवे पहिला, कापाब्लांका दुसरा, सुलतान खान तिसरा.

१९३२ आणि १९३३ मध्येही तो ब्रिटिश विजेता झाला, मग मायदेशी परतला आणि मोठ्या स्पर्धांतून संपलाच. १९५० मध्ये फिडेने पहिले ग्रँडमास्टर जाहीर केले. खेळणं कधीच थांबवलेल्या रुबिन्स्टाइनचं नाव त्यात होतं, ते योग्यच. सुलतान खानचं नव्हतं. १९६६ मध्ये तो सरगोध्याला वारला. मानद किताब मिळाला २०२४ मध्ये, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

किताबाने त्या ६५ चाली काही बदलत नाहीत. पण जिवंतपणी एक कागद हातात पडला असता तर काय बिघडलं असतं?

असो. पट काढलात तर २१ व्या चालीला थांबा आणि खरं सांगा, कोणती बाजू घ्याल?