शुभा खोटे : विनोदाकडून चरित्रभूमिकांकडे

हिंदी चित्रपटात विनोदी नटीच्या वाट्याला फार काळ एकच काम येई : नायिकेची चुरचुरीत मैत्रीण व्हायचे आणि विनोदवीरासोबत जोडी जमवायची. या चौकटीत राहूनही लक्षात राहिलेले मराठी नाव म्हणजे शुभा खोटे. जन्म १९३७चा. वडील नंदू खोटे रंगभूमीवरचे आणि मूकपटांच्या जमान्यातले नट. दुर्गा खोटे सासरच्या नात्याने याच घराण्यातल्या. शुभा मात्र आधी गाजल्या त्या पोहणे आणि सायकल शर्यतींत. अमिया चक्रवर्ती यांच्या ‘सीमा’ (१९५५) मध्ये त्यांची सायकलस्वारी पडद्यावरही दिसली.

‘पेइंग गेस्ट’मध्ये (१९५७) त्यांनी नूतनच्या कारस्थानी मैत्रिणीची भूमिका केली. पुढची खलभूमिका त्यातच दिसते, पण निर्मात्यांना हवा होता विनोद. मेहमूद प्रियकर, शुभा प्रेयसी, धुमाळ तिचा बाप : ‘जिद्दी’, ‘लव्ह इन टोकियो’ या चित्रपटांत हे त्रिकूट रंगले. मेहमूदच्या धांदलीपुढे त्यांचा फटकळ ठसका कधी फिका पडला नाही. ‘घराना’ आणि ‘ससुराल’साठी त्यांना एकाच वर्षी फिल्मफेअर नामांकने मिळाली. १९६८मध्ये त्यांनी ‘चिमुकला पाहुणा’ हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला.

के. बालचंदर यांच्या ‘एक दूजे के लिए’मधील (१९८१) हेकट आईने त्यांची प्रतिमा पालटली. भूमिकेत विनोदाचा लवलेशही नव्हता. तिलाही नामांकन मिळाले. नंतर ‘जबान संभाल के’ या दूरदर्शन मालिकेतून त्या पुन्हा विनोदाकडे वळल्या.