गिराण, पंचांग आणि कुलाब्याची नोंदवही

16 फेब्रुवारी 1980 रोजी दुपारी सूर्यग्रहण लागले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. गावात दारे बंद होती, तशी आमच्या वस्तीतही बंद होती. आजी मात्र उंबऱ्यात बसून होती. तिच्या तरुणपणी हा दिवस कामाचा असे. ग्रहण सुटत आले की महारा-मांगांनी टोपली घेऊन गावात फिरायचे, ‘गिराण सुटलं, दान द्या’ म्हणून ओरडायचे, आणि वाड्यांतून पसाभर जोंधळे नाही तर जुनेर वरून टोपलीत टाकले जायचे. सूर्याला धरणारा राहू मांगाच्या जातीचा, केतू महाराच्या जातीचा. त्यांच्या जातभाईंची भर केली की सूर्य सुटतो, असा हा हिशेब होता. 1956 साली दीक्षा घेतल्यावर आमच्या घराने ती टोपली कायमची खाली ठेवली. “सूर्याला आमी कवा धरला न्हाई,” आजी म्हणाली, “पर सोडवायला आमीच लागायचो.”

ग्रहण म्हणजे सावली. माणसाच्या सावलीचा विटाळ मानणाऱ्या समाजाने चंद्राच्या सावलीचाही विटाळ मानला, आणि तो फेडण्याचे काम ज्यांची सावली चालत नव्हती त्यांच्याच गळ्यात घातले. मी पुढे विज्ञानाचा शिक्षक झालो आणि हे ग्रहण वर्गात कित्येकदा चेंडू आणि दिव्याने करून दाखवले. पण सूर्याचा खरा कोप कशाला म्हणावे, तो कधी झाला आणि कोणी टिपला, हे मला फार उशिरा कळले. एका माजी विद्यार्थ्याने 2003 साली छापून आलेला एक शास्त्रीय लेख आणून दिला. त्यात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेच्या जुन्या नोंदवहीतले आकडे होते, 2 सप्टेंबर 1859 चे.

आदल्या दिवशी, 1 सप्टेंबरला, इंग्लंडात रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन हा गृहस्थ दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून सौर डागांचे चित्र काढीत होता. दारू गाळणाऱ्या कारखानदाराचा हा मुलगा. वेधशाळा त्याने स्वखर्चाने बांधलेली. सकाळी 11 वाजून 18 मिनिटांनी डागांच्या एका मोठ्या समूहावर दोन पांढरेशुभ्र ठिपके एकाएकी झगमगले आणि पाचएक मिनिटांत विझले. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही तेच पाहिले, म्हणून कॅरिंग्टनचे म्हणणे टिकले. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते.

त्या झळाळीचा प्रकाश आठ मिनिटांत पृथ्वीवर पोचला. पण त्याबरोबरच सूर्याच्या किरीटातून, म्हणजे खग्रास ग्रहणात काळ्या बिंबाभोवती जे रुपेरी वलय दिसते त्यातून, विद्युतभारित कणांचा प्रचंड लोट आपले चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन सुटला होता. असा लोट यायला सहसा दोन-तीन दिवस घेतो. हा साडेसतरा तासांत आला. लोटातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट, दक्षिणेकडे, असली की दोन्ही क्षेत्रे एकमेकांत जोडली जातात आणि सूर्याची ऊर्जा आत शिरते. मग पृथ्वीभोवती विद्युतप्रवाहाचे कडे तयार होते, आणि विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात जमिनीवरचे आडवे चुंबकीय बल घटते. अशा वेळी सूक्ष्म चुंबकसूची ढळते. यालाच चुंबकीय वादळ म्हणतात.

2 सप्टेंबरला शुक्रवारी सकाळी, मुंबई आपल्या कामात गुंतलेली असताना, कुलाब्याची सूची ढळू लागली. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली जहाजांच्या सोयीसाठी काढलेली. चुंबकीय निरीक्षणे 1841 पासूनची. पद्धत अशी: टांगलेला चुंबक किंचित वळला की दुर्बिणीतून दिसणाऱ्या पट्टीवरचा आकडा बदलतो, तो आकडा दर तासाला डोळ्यांनी वाचायचा आणि वहीत लिहायचा. गडबड दिसली तर पंधरा मिनिटांनी, नाही तर पाच मिनिटांनीही. त्या सकाळी तसेच झाले. आडवे बल दीडएक तासात सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळले, म्हणजे मुंबईतल्या एकूण आडव्या बलाच्या चार टक्क्यांच्या आसपास. ऐकायला हे थोडे वाटेल. 13 मार्च 1989 रोजी ज्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज दीड मिनिटात घालवली आणि साठ लाख माणसांना नऊ तास अंधारात ठेवले, त्याचा जागतिक सरासरी आकडा 589 होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. युरोपातल्या पुढारलेल्या वेधशाळांत तेव्हा फोटोच्या कागदावर आपोआप नोंद करणारी यंत्रे आली होती. वादळ इतके मोठे होते की काही ठिकाणी प्रकाशाचा ठिपका कागदाबाहेरच निघून गेला. कुलाब्याला ती यंत्रे 1872 मध्ये आली. 1859 मध्ये तेथे फक्त माणसाचा डोळा होता, आणि डोळा पट्टीवर शेवटपर्यंत टिकला. भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्स लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स, तसेच ब्रूस त्सुरुतानी आदी शास्त्रज्ञांनी 2003 मध्ये या नोंदी पुढे आणल्या, तेव्हापासून जगात कुठेही ‘सर्वांत वाईट काय होऊ शकेल’ हा प्रश्न निघाला की कुलाब्याचा हा आलेख काढतात. त्या घसरणीतला किती भाग पृथ्वीभोवतीच्या कड्याचा आणि किती वातावरणातल्या इतर प्रवाहांचा, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. तासाची सरासरी धरली तर आकडाही पुष्कळ खाली येतो. वहीवर मात्र कोणाचा आक्षेप नाही.

मी वाचलेल्या लेखांत तेव्हाच्या अधीक्षकाचे, इंडियन नेव्हीतल्या लेफ्टनंट फर्ग्युसनचे, नाव येते. पाच-पाच मिनिटांनी पट्टीला डोळा लावणाऱ्याचे येत नाही. तेव्हा तो कोण असू शकत होता, आणि कोण असू शकत नव्हता, हे आपण पाहू शकतो. कुलाब्याच्या सुरुवातीच्या काळात केरो लक्ष्मण छत्रे या तरुणाने प्रोफेसर ऑर्लेबारच्या हाताखाली तेथे काम केले होते. छत्रे मोठे गणिती होते यात शंका नाही. 1860 साली त्यांचे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्याच गणितावर पुढे पटवर्धनी पंचांग उभे राहिले. ग्रहणाचा क्षण आता अचूक सांगता येऊ लागला. पण ग्रहणाचा विटाळ आणि आमची टोपली जागची हलली नाही. गणित सुधारले आणि गणिताचा मालक तोच राहिला. जोतीरावांनी 1855 च्या ‘तृतीय रत्न’ नाटकात जोशीबुवाला उभे केले आहे ते उगीच नव्हे.

दुसरी बाजू पाहा. त्याच 1855 साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिचा महारा-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. तीन वर्षांचे शिक्षण, आणि लेखणी अशी. पट्टीवरचा आकडा वाचून वहीत लिहिण्याइतकी अक्कल या वस्तीत नव्हती असे कोणी म्हणू नये. आणि 1856 मध्ये, याच मुंबई इलाख्यात, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला तेव्हा सरकारने नकार दिला. एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडतील, ही सबब. लंडनच्या संचालकांनी 1858 साली सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या आहेत असे कळवले, पण कागद आणि वर्ग यांत किती अंतर असते हे आपल्याला सांगायला नको. एकच इलाखा, एकच खजिना: सूर्याच्या कंपासाठी तासातासाला वही लिहवून घेणारा, आणि महाराच्या पोराला पाटी न देणारा. बाबासाहेबांनी धारवाडचे प्रकरण पुन्हा पुन्हा का काढले, हे मला कुलाब्याची वही वाचताना अधिक कळले.

मला येथे कुलाब्याच्या वहीचा अपमान करायचा नाही. उलट ती मला पंचांगापेक्षा जवळची वाटते. पंचांगात त्या शुक्रवारची तिथी असेल, नक्षत्र असेल, राहुकाळही असेल. सूर्य आपल्या अंगावर काय फेकतो आहे याची ओळ नव्हती आणि असू शकत नव्हती. त्या वादळात अमेरिकेत बोस्टन-पोर्टलंड तारमार्गावर तारवाल्यांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि आकाशातून तारेत उतरलेल्या विजेवर निरोप पाठवले. मुंबईत मात्र दिवस होता. कोणी दार लावले नाही, कोणी अन्न टाकले नाही, कोणाला दानासाठी ओरडावे लागले नाही. सावलीला भिऊन शतकानुशतके धान्य वाटणाऱ्या समाजाच्या डोक्यावरून सूर्याचा सर्वांत मोठा तडाखा भर उजेडात निघून गेला.

शब्दप्रामाण्य फक्त आपल्याकडेच असते असेही नाही. 1892 मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून गणिताने दाखवून दिले की, चुंबकीय वादळे सूर्यापासून येणे अशक्य आहे. केवढा थोर माणूस! गणित बरोबर होते, गृहीत चुकले होते. सूर्य चारी दिशांना सारखा चुंबकीय प्रभाव टाकतो असे धरून ते चालले, एखादाच लोट एका दिशेने सुटतो हे त्यांच्या मनात आले नाही. या वादाचा निकाल वह्यांनी लावला. कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी 1910 मध्ये सुमारे साठ वर्षांच्या नोंदी संगतवार छापल्या आणि वादळाची चाल, त्याचे एकाएकी सुरू होणे, मग खोल घसरण आणि सावकाश सावरणे, आकड्यांनी दाखवली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून सूची बिघडेल, हे ओळखून त्यांनीच 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. लोखंड वर्ज्य, दगडही तपासून घेतलेला. दोन वर्षे दोन्हीकडे एकदम नोंदी ठेवल्या, म्हणून 1841 च्या वहीचा धागा अलिबागमध्ये आजही चालू आहे.

मे 2024 च्या वादळात लडाखमधल्या हानले येथून तांबडे आकाश टिपले गेले. ते वादळ 1859 च्या मानाने लहानच. त्याआधी 2 सप्टेंबर 2023 रोजी, तारीख योगायोगाने तीच, आदित्य-एल1 हे यान सूर्याकडे निघाले. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने बांधली. ते पंधरा लाख किलोमीटरवर उभे आहे. सर्वसाधारण लोट त्याच्यावरून गेला की आपल्याला तासभर अवधी मिळतो, 1859 सारखा आला तर दहा-पंधरा मिनिटे. पंचांगाने अशा दहा मिनिटांचीही सूचना कधी दिली नाही.

25 ऑक्टोबर 2022 रोजी खंडग्रास ग्रहण होते, दिवाळीतच. सूर्य ग्रासलेलाच मावळला. मी मुलामुलींना माळावर नेऊन पुठ्ठ्याच्या भोकातून प्रतिमा दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वाडीतली एक म्हातारी टोपली घेऊन आलेली दिसली. आमच्या शाळेतल्या एका मुलीची ती चुलत आजी. मुलगी शरमेने घरात पळाली. मी काही बोललो नाही; बोलायला माझ्यापाशी माझ्या आजीचेच वाक्य होते.

त्या मुलीने आणि आणखी चौघांनी त्यानंतर सौर डागांची वही सुरू केली आहे. जुनी दुर्बीण, मागे पांढरा पुठ्ठा, दुपारच्या सुट्टीत प्रतिमा पाडायची आणि डाग पेन्सिलीने उतरवायचे. पहिल्या रकान्यात निरीक्षकाचे पूर्ण नाव लिहायचे, तारीख त्यानंतर, असे ठरले. ढगाळ दिवशीही नाव लिहावेच लागते, म्हणून जुलैभर त्यांची कुरकुर चालू होती.