परदेशी यंत्र व आपलीं अक्षरें

परदेशांतून एखादें यंत्र येतें तेव्हां तें एकटें येत नाहीं. आपल्या जन्मभूमीची लिपि व रीतिभातिहि संगें आणतें. आज क्षणांत जगभर निरोप जात असतां हा अनुभव आपणांस नवा वाटतो. परंतु आपल्या कोंकण किनाऱ्यानें तो ४५० वर्षांहून अधिक काळापूर्वीं घेतला आहे.

हिंदुस्थानांतील पहिला छापखाना सन १५५६ मध्यें गोव्यास उतरला. वस्तुतः तो अॅबिसिनिया देशीं जावयाचा होता, पण येथेंच राहिला. त्याचे खिळे रोमन अक्षरांचे होते. पुढें १५७९ मध्यें येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरु गोव्यास आले. आपली भाषा लोकांवर न लादतां ते स्वतः लोकांची भाषा शिकले. आणि ज्या ओवींत ज्ञानेश्वर-एकनाथ गायले, त्याच ओवींत त्यांनीं सुमारें ११ हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' मराठींत रचिलें. तें १६१६ मध्यें राचोल येथें छापलें गेलें. परंतु रोमन अक्षरांत!

ह्याचें कारण त्यांच्याच १६०८ च्या पत्रांत सांपडतें. देशी लिपींत ग्रंथ छापावे ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा होती. पण रोमन लिपीस २४ साचे पुरत. देशी लिपीस ६०० पर्यंत लागतील, हें मोठें विघ्न होतें. पुढें १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें देशी भाषा टाकून देण्याचाच हुकूम काढला. तरीहि भाविकांनीं पुराणाच्या हस्तलिखित प्रती जपून ठेविल्या. देवनागरींत तें छापून निघालें १९५६ मध्यें, पुण्यास, श्री. शांताराम बंडेलू यांच्या परिश्रमानें. म्हणजे ३४० वर्षांनीं!

आतां तें विघ्न उरलेलें नाहीं. १९९१ मध्यें युनिकोड नामक जागतिक संकेतांत देवनागरीस स्थान मिळालें. असें असूनहि आमच्या घरचीं मुलें मराठी निरोप मोबाईलवर रोमन अक्षरांत लिहितात, आणि आजीला आलेला तो निरोप दुसऱ्या कोणी वाचून दाखवावा लागतो. आम्ही यंत्राचे वैरी नाहीं. परदेशीं गेलेल्या लेकरांचा आवाज त्याच यंत्रानें आईबापांस ऐकूं येतो. पण फादर स्टीफन्स ज्या अक्षरांसाठीं झुरले, तीं हातीं असतां आपण टाकून द्यावीं काय?

बंधुभगिनींनो, ह्या महोत्सवाच्या वर्षीं निदान आजीचा निरोप तरी तिला वाचतां येईल अशा अक्षरांत लिहूं या.