आबे फारियांचे हात

मांद्र्याहून पणजीस गेलो की जुन्या सचिवालयालगतचा आबे फारियांचा पुतळा पाहिल्यावाचून राहवत नाही. रामचंद्र पांडुरंग कामत यांची ही १९४५ ची कृती. हात पसरलेला धर्मगुरू आणि समोर मागे कलंडलेली स्त्री. त्या बोटांतूनच काही शक्ती वाहते असे पाहणाऱ्यास वाटते. फारियांचे प्रतिपादन नेमके याउलट होते.

कांदोळीस १७५६ मध्ये जन्मलेले फारिया १७७१ मध्ये पित्यासह युरोपास गेले. (आमचा पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलात गेला, तेव्हा ते तिकडेच होते.) १८१३ पासून पॅरिसमध्ये त्यांनी सप्रयोग व्याख्याने दिली. माणसाच्या देहातून चुंबकीय द्रव वाहतो, हे मेस्मरचे मत त्यांनी नाकारले. ते ‘झोपा’ अशी आज्ञा देत. मात्र निद्रेचे कारण निद्रिस्ताच्याच ठायी असते, असे सांगत. १८१६ मध्ये तेथील रंगभूमीवर त्यांची टवाळी झाली. १८१९ मध्ये ते वारले.

२००० मध्ये कॉस्लिन आदी अमेरिकन संशोधकांनी संमोहित व्यक्तींना करडे चित्र रंगीत पाहण्यास सांगितले. मेंदूतील रंगबोधाच्या भागाची क्रियाशीलता वाढली. रंगीत चित्र करडे पाहण्यास सांगताच ती घटली. डोळ्यांपुढील चित्र तेच होते.