तारक दुःखाचा अर्थ

ख्रिस्ताच्या दुःखसहनाने मनुष्याचे तारण झाले, हा ख्रिस्ती धर्माचा गाभा होय. परंतु ते कसे झाले, ह्याविषयी त्या धर्माच्या पंडितांतच मतभेद आहे. कँटरबरीचा आर्चबिशप आन्सेल्म ह्याने हद्दपारीत असता १०९८ साली पुरा केलेल्या ग्रंथात, सैतानास खंडणी दिल्याची जुनी कल्पना त्याज्य ठरवून, पापाने ईश्वराच्या मानास आलेली उणीव देव-मानव ख्रिस्तच भरून काढू शकतो, असे प्रतिपादिले. पुढच्या पिढीतील आबेलार्डने विचारले, की निरपराध्याचे रक्त मागणारा न्याय तो न्याय कसला? त्याच्या मते, त्या मरणात प्रकटलेले प्रेमच मनुष्याचे हृदय पालटते.

आम्हांस आबेलार्डचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. ऑश्विट्झच्या छळछावणीत १९४१ साली माक्सिमिलियन कोल्बे ह्या पोलिश पाद्र्याने, उपासमारीने मरण्याची शिक्षा झालेल्या एका कैद्याची जागा आपण होऊन घेतली. तो कैदी १९९५ पर्यंत जगला. त्या उपासमारीत पवित्र असे काहीच नव्हते. जीव वाचला तो कोल्बेच्या स्वेच्छेने. म्हणून गांजलेल्यास ‘सोस, ह्यातच तुझे तारण आहे’ असे सांगणारा उपदेशक ह्या सिद्धान्ताचा विपर्यास करतो. स्वतःचे दुःख अर्पण करता येते. दुसऱ्याचे दुःख अर्पण करण्याचा अधिकार कोणासही नाही.